गाण्याची चावी कोणाच्या हाती

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांनी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. जानेवारीत पुन्हा गोळीबार झाला, गिरणगाव पेटलं, आणि पुढे हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. याच महिन्यांत पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून दर आठवड्याला रामकथेतलं एक नवं गाणं ऐकू येत होतं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या मुहूर्तावर ‘गीतरामायण’ सुरू झालं होतं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गाणी छप्पन्न झाली. वर्तमानपत्रं गीतांचे शब्द छापू लागली. गाणं लागायच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, असं त्या काळाबद्दल अजून सांगितलं जातं.

तेव्हा १९५५ सालचा महाराष्ट्र कसा होता, हे गीतरामायण ऐकून कळेल का? कळेल, पण अर्धंच.

उरलेला अर्धा रस्त्यावर गात होता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक काढलं होतं. तिघेही कम्युनिस्ट, तिघांचा श्रोता गिरणीकामगार. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड याच लढ्याच्या काळातली. गाण्यातला माणूस पोटासाठी मुंबईला आलेला, बायको मागे गावाकडे राहिलेली. तिच्या रूपाचं वर्णन करता करता तो विरहाने कासावीस होतो. इथपर्यंत ती लावणीच्या घराण्यातली विरहकविता वाटते. मग गाणं वळण घेतं. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे भाग महाराष्ट्रापासून तुटणं आणि कामगाराचं बायकोपासून तुटणं हे एकच दुःख होऊन जातं. सभेला आलेल्या हजारो कामगारांपैकी बहुतेकांची बायको खरोखरच कोकणात नाहीतर घाटावर होती. त्यांना राजकीय मागणी वेगळी समजावून सांगायची गरज उरली नाही.

एक गाणं सरकारी प्रक्षेपकावरून आलं, दुसरं डफाच्या थापेवर. पहिल्याला रेडिओ लागत होता, आणि रेडिओला पोस्टातून दरवर्षी परवाना घ्यावा लागे. दुसऱ्याला मैदान पुरत होतं. एकाच काळातली ही दोन्ही गाणी तितकीच खरी आहेत. गाजलेल्या गाण्यात काळाचं प्रतिबिंब पडतं, असं आपण सहज म्हणून जातो. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: ते गाणं वाजवायचं यंत्र तेव्हा कोणाच्या घरात होतं?

सुरुवातीला ते यंत्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात होतं. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. गाणं संपताच गायिका आपलं नाव मोठ्याने सांगे, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला आवाज कोणाचा हे कळायला हवं होतं. त्या तीन मिनिटांनी मराठी गाण्याचं जे केलं ते एखाद्या फर्मानानेही झालं नसतं. ‘मानापमान’ हे संगीत नाटक १९११चं, ‘स्वयंवर’ १९१६चं. स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व रंगभूमीवर एकेक पद ‘वन्स मोअर’ घेत किती वेळ आळवतील याला धरबंद नसे, नाटक संपायला पहाट व्हायची. भास्करबुवा बखल्यांसारख्या बुजुर्गाने बांधलेल्या ‘स्वयंवर’च्या चाली तबकडीवर यायच्या तर आलापांना कात्री लागणारच. मुखडा, दोनचार ताना, संपलं. पण याच कापलेल्या रूपात रागसंगीत अशा घरांत शिरलं जिथे मैफलीला जायची पद्धत नव्हती, आणि जिथल्या बायकांना तर ती मुभाच नव्हती. ज्या समाजात कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणं अशक्य होतं, तिथे एका पुरुषाने स्त्री होऊन गायलेली पदं स्त्रिया स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या, त्याच्यासारखं लुगडं नेसत होत्या. त्या काळाबद्दल पदांच्या शब्दांपेक्षा ही उलटापालट जास्त सांगून जाते.

तीन मिनिटांच्या त्या साच्यात नाटकातलं पद कोंबावं लागे. कविता मात्र त्यात बेतल्यासारखी बसली. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता नागपूरच्या गो. ना. जोशींनी गायली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताचा जन्म तिथून मोजला जाऊ लागला. पुढे गजानन वाटवे पेटी घेऊन गणेशोत्सवात गाऊ लागले, तेव्हा पुण्यातल्या चौकांत रस्ता अडेल इतकी गर्दी होई. ऐकणारे बहुतेक शिकलेले, नोकरदार किंवा नोकरीच्या शोधातले तरुण. लग्न आईवडील ठरवणार हे त्यांना माहीत होतं, आणि प्रेम म्हणजे काय ते त्यांनी कवितांत वाचलं होतं. म्हणून भावगीतातली ‘ती’ नेहमी धूसर असते. तिला नाव नसतं, आडनाव तर नाहीच, आणि ती सहसा नदीकाठी किंवा चांदण्यात भेटते. वाड्याच्या चौकात, दहा नातेवाइकांच्या देखत, दुसरं कुठे भेटणार?

स्वातंत्र्यानंतर हा शिकलेला वर्ग सत्तेत आला आणि गाणं कसं असावं हेही ठरवू लागला. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार, मराठी माणूस, मताचे पक्के. सिनेमाची गाणी म्हणजे उथळ आणि पाश्चात्त्य वळणाची, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर त्यांनी चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केलं. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला, तिथे त्याच वर्षी अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि बुधवारची रात्र सगळ्या देशाने सिलोनच्या नावे करून टाकली. १९५७च्या ऑक्टोबरात सरकारला विविध भारती काढावी लागली.

केसकरांना खुपणारं गाणं कसं होतं, त्याचा उत्तम नमुना मुंबईतच तयार झाला होता. १९५१च्या ‘अलबेला’चे नायक-दिग्दर्शक भगवानदादा पालव गिरणीकामगाराचा मुलगा. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. त्यांच्या जोडीला गोव्याच्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबईचे हॉटेलवाले चिक चॉकलेट म्हणून ओळखत. ताजमहाल हॉटेलात जॅझचा ट्रम्पेट वाजवणारा गोवेकर, मराठी संगीतकार आणि परळ-दादरच्या चाळीतला नट, असा तो मेळ. दिल्लीतल्या मंत्र्याला त्यात पश्चिमेची नक्कल ऐकू आली. गिरणगावाने मात्र भगवानदादांचा तो ठेका, हात वर करून जागच्या जागी डुलण्याची ती ढब, थेट विसर्जनाच्या मिरवणुकीत नेली. आजही मुंबईत गणपतीपुढे नाचणारा माणूस बहुधा तीच पावलं टाकतो, त्याला ‘अलबेला’ माहीत असो वा नसो.

तरी केसकरांच्या खात्यात एक गोष्ट जमा करावी लागेल. सिनेमाला पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताला वेळ दिला, कवींना आणि गायकांना काम दिलं. गीतरामायण या वातावरणातलंच अपत्य. मराठी मध्यमवर्ग आपला सुवर्णकाळ म्हणून जी गाणी दाखवतो, त्यांतली बरीच एका हट्टी मंत्र्याच्या नावडीतून मोकळ्या झालेल्या जागेत वाढली.

ग्रामीण महाराष्ट्राला रेडिओपेक्षा जवळचा होता तंबू. १९५०मध्ये प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ इतरही आले, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या हातात रोकड खेळू लागली. यात्रेतल्या तंबू थिएटरात ती खर्च झाली. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा. पुण्यात विजयानंद टॉकीजला तो शंभराहून जास्त आठवडे चालला. त्यानंतरची पंधराएक वर्षं पडद्यावर पाटील, सरपंच, तमासगिरीण आणि फेटे यांचीच. पाटलाने फडावर पैसे उधळायचे आणि बोर्डावरच्या बाईने डोळा मारायचा, हा मामला ऊसकरी प्रेक्षकाला आवडला यात नवल नाही. पडद्यावर तो स्वतःलाच पाहत होता.

लावणीचं या प्रवासात काय झालं, हे सुलोचना चव्हाणांकडे पाहून समजतं. गिरगावात वाढलेल्या, संसारी बाई. डोक्यावरचा पदर ढळू न देता, जागेवर उभं राहून त्या अशा लावण्या गात की ऐकणाऱ्याचे कान तापावेत. १९६२च्या ‘रंगल्या रात्री अशा’मध्ये वसंत पवारांचं संगीत, जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि त्यांचा आवाज एकत्र आले. फडावरच्या कलावंतिणीला ज्या घरांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, त्या घरांत तिचं गाणं पदर घेतलेल्या बाईच्या आवाजात आलं आणि कौतुकाने ऐकलं गेलं. फडावर पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या बायांच्या वाट्याला त्या मानाचा फारसा हिस्सा आला नाही. १९७२च्या ‘पिंजरा’ची गाणी सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. गोष्ट काय? एका तमासगिरिणीच्या नादाने आदर्श शिक्षक रसातळाला जातो. आपण ज्या गाण्यावर ठेका धरला तेच नाशाचं कारण म्हणून दाखवलेलं, आणि दोन्हींचं तिकीट एकच. सत्तरीतल्या महाराष्ट्राच्या मनातली लावणीबद्दलची गोची यापेक्षा नेमकी कुठल्या समाजशास्त्रज्ञाने मांडली असेल असं वाटत नाही.

कोळीगीतांचंही असंच. शांता शेळके यांनी लिहिलेलं, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेलं आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेलं ‘मी डोलकर’ हे अप्रतिम गाणं आहे. पण ते कोळीवाड्याबाहेरून कोळीवाड्याकडे पाहतं. कोळ्यांचं स्वतःचं गाणं घरोघरी पोचायला आणखी एक यंत्र यायचं होतं.

ते यंत्र म्हणजे कॅसेट. आखातात नोकरीला गेलेल्यांनी टू-इन-वन आणले, पाठोपाठ स्वस्त देशी प्लेयर आले. तबकडी काढायला मोठी कंपनी, मोठा स्टुडिओ आणि कंपनीतल्या साहेबाची मर्जी लागे. कॅसेट थोडक्या भांडवलात निघे आणि एका कॅसेटवरून दुसरी भरून घेता येई. १९८०च्या दशकात टी-सीरिज आणि व्हीनससारख्या नव्या कंपन्यांनी एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युअल यांनी उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. महाराष्ट्रावर तसं पुस्तक निघालं तर त्याचं पहिलं प्रकरण शिंदे घराण्यावर असायला हवं.

प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याकडचे. त्यांच्या भरदार आवाजातली विठ्ठलाची गाणी आषाढीला गावोगावच्या कर्ण्यांवरून वाजत, आणि तोच आवाज १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, भीमगीतं गाई. या दोन्हींत विरोध आहे असं त्यांना किंवा त्यांच्या श्रोत्यांना वाटलं नाही. मुलगा आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं आणि एसटी स्टँड, रसवंतीगृह, रिक्षा, वरात असं कोणतंच ठिकाण त्याने सोडलं नाही. सुशिक्षित घरांनी नाकं मुरडली. द्व्यर्थी आहे, सवंग आहे, ही तक्रार होती. तीच तक्रार दादा कोंडक्यांच्या गाण्यांबद्दलही होत होती, आणि तीस वर्षांपूर्वी केसकर ‘अलबेला’च्या पठडीबद्दल साधारण तेच म्हणत होते. फरक इतकाच की आता दार बंद करणारा मंत्री मध्ये नव्हता. गाणं स्टुडिओतून निघून थेट टपरीवर पोचत होतं.

पोपटापेक्षा मोठं काम कॅसेटने केलं ते भीमगीतांचं. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करताना मोठेपणी अक्षरं शिकले, आणि मग हजारो गाणी लिहीत, गात, गावोगाव फिरले. त्यांची आणि त्यांच्या परंपरेतल्या शाहिरांची गाणी रेडिओच्या निवडसमितीपुढे ताटकळत बसली नाहीत. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल लागत. बाबासाहेबांचं चरित्र, मनुस्मृतीचं दहन, महाडचं तळं, रमाईचे कष्ट हे सगळं ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चालीत बसून गेलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८पासून १९९४पर्यंत जो लढा चालला, त्यात या गाण्यांनी माणसं जागी ठेवली. आनंद पटवर्धन यांचा २०११चा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पाहणाऱ्याला तिथे इतिहास गाणाऱ्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतो. ‘गाजलेली मराठी गाणी’ म्हणून वर्तमानपत्रांच्या दिवाळी पुरवण्यांत ज्या याद्या येतात, त्यांत वामनदादा शोधावे लागतात. लाखो लोकांना तोंडपाठ असलेलं गाणं गाजलेलं नसेल, तर ‘गाजणं’ नक्की कोणी मोजलं?

आणि हो, कोळीवाडा. वेसावकर आणि मंडळींची ‘वेसावची पारू’ कॅसेटवर आली आणि लग्नाच्या हळदीला कोळी असो, आगरी असो, ब्राह्मण असो, सगळे तिच्यावर नाचू लागले. शांताबाईंच्या गाण्यातला समुद्र देखणा आहे. वेसाव्याच्या गाण्यात मासळीचा वास आहे, शेजारणींची टिंगल आहे आणि बेंजोचा तो कर्कश, खुषीत आलेला सूर आहे.

नव्वदीत कॅसेटने मध्यमवर्गालाही त्याचा हिस्सा दिला. १९९८चा ‘गारवा’ हा सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा अल्बम कॉलेजातल्या मुलामुलींनी पावसाळाभर वाजवला. पुढे संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचे कार्यक्रम हाऊसफुल्ल होऊ लागले, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही. भावगीतातली धूसर ‘ती’ आता मोबाइल वापरत होती, एवढा बदल झाला.

खरी उसळी २०१६ची. २९ एप्रिलला नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ लागला. अजय-अतुल यांनी संगीतासाठी लॉस एंजेलिसचा पाश्चात्त्य वाद्यवृंद वापरला आणि ‘झिंगाट’साठी गावच्या वरातीतला ठेका. करमाळा तालुक्यातली बोली, तिथल्या पोरांची भाषा, तिथला बेभान नाच, हे सगळं मल्टिप्लेक्समध्ये घुमलं. गावोगावच्या थिएटरांत लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले. आणि त्याच सिनेमाच्या शेवटच्या काही मिनिटांत संगीत पूर्ण थांबतं, कारण जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याला मुलीच्याच घरचे लोक मारून गेलेले असतात. नाचणारे प्रेक्षक सुन्न होऊन बाहेर पडत. गंमत म्हणा किंवा दुसरं काही, ‘झिंगाट’ त्यानंतर सिनेमापासून सुटून एकटंच फिरू लागलं. आज ते अशा लग्नांतही वाजतं जिथे पत्रिका आणि पोटजात दोन्ही जुळवूनच सोयरीक ठरलेली असते. २०१८च्या हिंदी ‘धडक’ने हेच गाणं उचललं, करमाळ्याची माती मात्र उदयपूरच्या महालांत कुठे दिसली नाही.

हे लिहीपर्यंत यंत्र पुन्हा बदललं आहे, आणि यावेळी ते खिशात आहे. २९ जून २०२०ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आले. तबकडीने गाणं तीन मिनिटांवर आणलं होतं. रील्सने ते अर्ध्या मिनिटावर आणलं. परिणाम चालीत ऐकू येतो. लांबलचक सुरावट गेली, पकड घेणारी ओळ पहिल्याच क्षणी येते, अंतरा कोणाला आठवत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४मध्ये देशभर वाजलं, मराठीचा गंध नसलेल्यांनीही त्यावर रील केले. त्या गाण्यातली मुलगी नटूनथटून प्रियकराला सांगते काय, तर माझा फोटो काढ. कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याबद्दलचं गाणं, कॅमेऱ्यापुढे उभं राहताना लावायला. गाणं आणि यंत्र यांची गाठ इतकी घट्ट क्वचितच बसली असेल.

यात कोणाला नव्याने आवाज मिळाला, ते खान्देशात जाऊन पाहावं. अहिराणी ही धुळे, जळगाव, नंदुरबार आणि नाशिकच्या काही तालुक्यांतल्या घरांची भाषा. तिच्यासाठी ना कधी बिनाका होती, ना मराठी चित्रपटसृष्टीने तिला नायिका दिली. आता तिकडची पोरं मित्राच्या शेतात, उसन्या मोटरसायकलवर, गावातल्याच मुलीला घेऊन गाणं चित्रित करतात आणि यूट्यूबवर टाकतात. चॅनेलच्या नावातच ‘खान्देश’ असतं. ‘हाई झुमकावाली पोर’ असंच आलं आणि पुण्या-मुंबईच्या डीजेंच्या यादीत जाऊन बसलं. हळदीच्या मांडवात नाचणाऱ्या निम्म्या लोकांना त्यातले सगळे शब्द कळत नाहीत. डीजेला कळतं ते एवढंच की हे लावल्यावर कोणी खाली बसत नाही. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम असल्याने ते तो पावणेदहाला लावतो.